काळटेकडी तांड्यावरचं स्पेन

बाबूसिंग राठोडानं घरातलं सगळं सामान विकून स्पेनची तिकिटं काढली, ही बातमी दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी काळटेकडी तांड्यावरून निघाली आणि दुपारच्या आत महागावच्या बाजारात पोचली. बातमीला साक्षीदार होते. फ्रीज दारातून बाहेर पडताना तिघांनी पाहिला होता, सोफा दोघांनी. कपडे धुवायची मशीन तर खुद्द बाबूसिंगच्या पाठीवर होती, त्यामुळे मशीनच दोन पायांवर चालत निघाली असं लांबून बघणाऱ्याला वाटलं. बाजारात एकजण म्हणाला, "तिकडं कापसाले काय भाव आहे ते इचारून येजो म्हणा." दुसऱ्याचं म्हणणं, बाबूसिंगला तिकडे बैलापुढं लाल कपडा धरायची नोकरी लागली.

बातमी अर्धी खोटी होती आणि उरलेली अर्धी खरी नव्हती. सामान विकलं नव्हतं. ते वीस पावलांवर, शेजारच्या कोकिळाच्या घरात गेलं होतं. आणि बाबूसिंग कुठंही चालला नव्हता. स्पेनच काळटेकडीवर येणार होतं, शनिवारी दुपारी बारा वाजता, जेवणखाण आणि मुक्काम धरून.

बाबूसिंग तसा निर्मळ माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर वाकडा पाय नाही. त्याला एकच व्यसन. खोलीत अंधार करून, भिंतीवर पडदा लावून कोणी काही दाखवलं की ते त्याला पटतं. पडद्यावर इमू पक्षी पाहिले तेव्हा त्यानं सहा इमू आणले. चार मेले, एक डोंगरात गेला तो गेलाच, आणि सहावा तीन वर्षं तांड्यावर राहून फक्त फेटेवाल्या माणसांना टोचत फिरला. मग पडद्यावर सफेद मुसळी पाहिली, ताकदीच्या औषधाची. ती लावली आणि रानडुकरांनी खाल्ली. त्या साली आसपासची डुकरं फार तेजदार दिसत होती, असं जुने लोक अजून सांगतात.

त्याची बायको रुक्माबाई. घरात नवं काही शिरताना दिसलं की ती एवढंच विचारते, "आज पुन्हा पडदा पाह्यला काय?"

पण या खेपेची गोष्ट इमूपेक्षा नाजूक होती, कारण घरात इंद्रजीत होता. बाबूसिंगचा एकुलता एक. तेहतीस वर्षांचा, शेतीचीच पदवी घेतलेला, अकरा एकर ओलिताचं वावर स्वतः पाहणारा, दिसायला चांगला. त्याच्यात खोट एवढीच की तो शेती करत होता आणि हे लपवत नव्हता. सात ठिकाणचे लोक घर पाहून गेले. आपल्याकडे पोरगी द्यायची म्हणजे आधी घर पाहायचं. विहीर पाहायची, गोठा पाहायचा, सांदीकोपऱ्यात नजर फिरवायची, आणि मग सहज म्हणून शेजारी जाऊन विचारायचं, बाप पितो काय, सासू कजाग आहे काय. सातही ठिकाणांनी चहा पिऊन, पोहे खाऊन, शेजारी विचारून नकार दिला.

पहिले म्हणाले, घरात फरशी नाही. बाबूसिंगनं फरशी टाकली. दुसऱ्यांना फ्रीज दिसला नाही, म्हणून दोन दारांचा फ्रीज आला. पुढचे जमिनीवर बसून अवघडले, त्यांच्या नावानं सोफा आला. असं करत करत टीव्ही आला, कूलर आला, मशीन आली, संडासात कमोड बसला. त्या घरातली एकेक वस्तू म्हणजे एकेका नकाराची पोच होती. सून तेवढी आली नाही.

आठवं ठिकाण आलं ते दिग्रसकडचं. नेमसिंग चव्हाण गुरुजी, शाळेतून निवृत्त. पोरगी उर्वशी, खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मध्यस्थाला बाबूसिंगनं पोरीचा फोटो मागितला तर निरोप आला, आधी घर, मग फोटो.

"कधी येऊन राह्यले पाहाले?" बाबूसिंगनं विचारलं.

"गुरुजी सांगून येत नाही," मध्यस्थ म्हणाला. "शाळेतबी ते परीक्षा सांगून घेत नव्हते."

रुक्माबाईनं त्या दिवसापासून घर असं चकचकीत ठेवलं की इंद्रजीतला स्वतःच्याच घरात चप्पल कुठं काढावी कळेना. आठवी खेप होती. यानंतर पोराचं वय सांगताना माणसं आवाज खाली आणणार होती, हे दोघा नवरा-बायकोला ठाऊक होतं.

आणि नेमकं अशा वेळी महागावच्या एका सभागृहात 'ग्रामीण पर्यटन' म्हणून शिबिर झालं. नागपूरचा एक सल्लागार आला. त्यानं खिडक्या लावल्या, पडदा सोडला. झालं.

पडद्यावर स्पेन होतं. डोंगरात दगडाचं एक घर, घरात एक म्हातारा, एक म्हातारी आणि शेळ्या. शहरातली शिकलेली माणसं गाड्या करकरून तिथं शनिवार-रविवारी येतात, म्हातारीच्या चुलीपाशी बसतात, जाडा पाव खातात, शेळीचं दूध काढताना लाथ खातात, म्हाताऱ्याच्या झाडांची फळं तोडून देतात आणि वर पैसे देऊन जातात. सल्लागार म्हणाला, "या लोकांना सोयी नको असतात. टीव्ही, फ्रीज त्यांच्या घरी आहेत. त्यांना पाहिजे अस्सल! गरीब, पण समाधानी! एक प्लास्टिकची खुर्ची दिसली की पाहुणा गेला समजा." संडासाला मात्र त्यानं परवानगी दिली.

बाबूसिंग घरी आला तो डोळ्यांत स्पेन घेऊन. "रुक्मा, तो बुढा पाहाले पाहिजे होता तू. घरात धड एक खुर्ची नाही, अन् मोटारी किती उभ्या होत्या!"

"आपल्या घरीबी खुर्ची नव्हती," रुक्माबाई म्हणाली. "तवा कोनी मोटार घेऊन आलं नाही."

"तवा आपन खरेच गरीब होतो ना! आता गरीब दिसाचं आहे. दोन्हीत फरक असते."

फाट्यावर पाटी लागली: 'डोंगरघर. स्पेनच्या धर्तीवर घरगुती मुक्काम. बाबूसिंग राठोड, काळटेकडी.' इंद्रजीतनं विरोध करून पाहिला. "बाबा, ते दिग्रसवाले येनार आहे ना?" बाबूसिंग म्हणाला, "ते का शनवारीच येतीन? हप्त्याचे सात दिवस असते." आणि दहाच दिवसांत फोन आला. नागपूरचे जोशी म्हणून कुटुंब, तिघं जण, शनिवार-रविवार.

सामानाची वरात निघाली ती अशी. फ्रीज, टीव्ही, कूलर, मशीन, सोफा, मिक्सर, झाडून सगळं कोकिळाच्या घरी. कोकिळाचा पोरगा फकिरा तिकडे राजूरला कोळशाच्या ट्रकवर असतो, त्यामुळे घरात जागाच जागा. तीही लग्नाच्या पोराची आई. तिनं एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, फ्रीज चालू ठेवू का बंद?"

"चालूच ठेव. अंदर माहं शुगरचं इंजेक्शन आहे."

फरशीवर शेण सारवलं. गुळगुळीत फरशीवर शेण ठरेना, तेव्हा खाली माती टाकून वर सारवलं. कमोडच्या संडासाला बाहेरून तुराट्या बांधून झोपडीचं रूप दिलं. तांड्यावरच्याच गंगीकडून पाच शेळ्या दोन दिवसांकरता आणल्या. राहिली रुक्माबाई. तिच्या अंगावर आरशाआरशांचं जुनं लेणं पाहिजे होतं, फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी. ते तिच्या सासूनं घातलेलं. रुक्माबाईचा जन्म साडीत गेला आणि घरात ती मॅक्सी घालते. बाबूसिंगनं पुसदच्या एका दुकानातून ते भाड्यानं आणलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरी नाचताना घालतात ते. पाठीचे बंद पुरेनात, म्हणून मागून ओढणी टाकली.

शनिवारी बाराला गाडी आली.

आता इथं आडपडदा न ठेवता सांगून टाकलेलं बरं. गाडीतून जे जोशी उतरले ते जोशी नव्हते, आणि नागपूरचेही नव्हते. ते नेमसिंग चव्हाण गुरुजी होते. डोक्यावर खेळाडूसारखी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. मागे त्यांची बायको आणि तिच्या मागे उर्वशी. गुरुजींनी फाट्यावरच्या पाटीचा फोटो कोणाच्या तरी फोनवर पाहिला आणि हिशेब केला की चहापोह्याला गेलं तर माणसं घर दाखवतात तेवढंच दिसतं. दोन दिवस राहिलं की घर आपोआप दिसेल. डोकं चांगलं चाललं होतं. फक्त जोशी नाव घेतल्यामुळे दोन दिवस मटणाला मुकावं लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बायकोच्या आलं होतं. ती गाडीतून उतरली तीच घुश्शात.

बाबूसिंग हात जोडून पुढं झाला. अंगात ठिगळाची बंडी. ठिगळ नवं होतं आणि बंडीही नवी होती.

"या साहेब, या! गरिबाचं घर आहे."

गुरुजींनी चष्म्याआडून घर पाहिलं. "गरिबाचं म्हणजे, वीज वगैरे?"

"वीज? अजी, आमी कंदिलावरचे लोक. टीव्ही कसा असते ते आमाले मालूम नाही."

"पाणी?"

"बाया डोंगराखालून हंड्यानं आनते." हे ऐकून रुक्माबाईनं मागून असं काही पाहिलं की ओढणीखालचा एक बंद तुटला.

"शेती?"

"आमची कायची शेती जी! हे समोरचं वावर दिसते ना, ते मालकाचं. आमी मजूर." समोर त्याचंच अकरा एकर पसरलं होतं, कापसानं पांढरंशुभ्र फुटलेलं.

"आणि मुलगा?"

तेवढ्यात मुलगाच आला. येत होता म्हणण्यापेक्षा पाच शेळ्या त्याला आणत होत्या. गंगीच्या शेळ्यांना आपलं घर ठाऊक होतं, इंद्रजीतला शेळ्या ठाऊक नव्हत्या. दोर हाताला गुंडाळलेला, एक पाय चपलेत, एक पाय बिनचपलेचा, असा तो अंगणातून गेला आणि दुसऱ्या बाजूनं दिसेनासा झाला.

"हाच," बाबूसिंग अभिमानानं म्हणाला. "चौथी शिकला. मंग बकऱ्याच चारते."

प्रत्येक उत्तरासरशी बाबूसिंग आपल्या सुनेला एकेक तालुका लांब ढकलत होता. आणि ढकलताना त्याचा चेहरा असा फुलला होता की त्या स्पेनच्या म्हाताऱ्यानं येऊन पाया पडावं.

उर्वशीनं रुक्माबाईला विचारलं, "मावशी, किती छान आहे हा तुमचा पोशाख! केव्हापासून घालता?"

"सकाळपासून," रुक्माबाई म्हणाली.

पाहुण्यांना कामाला लावायचं, हा स्पेनचा पुढचा धडा. जेवणं झाल्यावर बाबूसिंगनं तिघांच्या कमरेला ओटी बांधली आणि कापूस वेचायला वावरात नेलं. मजूर बाया मिळत नाहीत अशा दिवसांत पैसे देऊन वेचणारे मिळाले, म्हणून तो मनात हुरळला होता. पण बघतो तर नागपूरचे जोशी दोन्ही हातांनी वेचत होते. बोंडातला कापूस असा काढत होते की पाल्याचा एक तुकडा नाही. त्यांची बायको तर एक ओळ संपवून दुसरीला लागली. बाबूसिंगच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती. बाबूसिंगला वाटलं, बामन असून हुशार आहे.

उर्वशीनं एक किडकं बोंड तोडून धुऱ्यावरच्या इंद्रजीतला दाखवलं. "हे काय झालं याला?"

इंद्रजीतला चौथी शिकल्याचं विसरायला झालं. त्यानं गुलाबी बोंडअळीची अंडी, अळी, कोष, पतंग, कोणत्या अवस्थेत काय फवारायचं आणि काय उगाच फवारायचं नाही, हे सगळं दहा मिनिटं सांगितलं. मग एकदम आठवून म्हणाला, "असं मालक म्हनते."

"मालक चांगला शिकलेला दिसते," उर्वशी म्हणाली आणि बोंड पाहत राहिली. तिला हसू आलं होतं.

साडेचारला शेतीची वीज आली. वीज काय विचारून येत नाही, आणि बाबूसिंगच्या बोअरला आपोआप चालू होणारा स्टार्टर आहे. मोटार घरघरली. तुराट्या बांधलेल्या संडासामागून पाइपला फुसफुस सुटली, आणि थोड्या वेळानं छपरावरची टाकी भरून पाणी भिंतीवरून धो धो खाली आलं. चुलीपाशी बसलेले तिघं पाहुणे माना वर करून पाहू लागले.

"झरा आहे, साहेब," बाबूसिंग म्हणाला. "डोंगराचा. रोज याच टायमाले येते."

"छतातून?" गुरुजींनी विचारलं.

"जुना डोंगर आहे जी."

संध्याकाळी पिठलं, भाकरी, ठेचा. जोशी म्हणून लसूणसुद्धा रुक्माबाईनं हात आखडून घातला. गुरुजींनी दोन घास खाल्ले आणि बायकोकडे पाहिलं. शेजारी कोकिळाच्या घरातून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता. गुरुजींच्या बायकोनं तोंड फिरवून हळूच म्हटलं, "पाहून झालं ना? उद्या सकाळीच निघा."

रविवारी सकाळी गुरुजी म्हणाले, जरा गाव पाहून येतो. म्हणजे खरं तर शेजारी विचारायला. मध्यस्थानं सांगितलेलं सगळं खोटं निघालं असं त्यांनी धरलं होतं; नकारच द्यायचा होता, पण रिवाज पुरा केल्याशिवाय नकार देणं गुरुजींच्या शिस्तीत बसत नव्हतं. तिघंही वीस पावलं चालून कोकिळाच्या दारात गेली.

आत पाय टाकला आणि गुरुजी थांबले. दोन फ्रीज. एका टीव्हीसमोर दुसरा टीव्ही. सोफा, त्याला लागून कूलर, कोपऱ्यात कपडे धुवायची मशीन, तिच्यावर मिक्सर. डोंगरावरच्या तांड्यात एवढी दौलत!

कोकिळानं बसा म्हटलं. सरबत केलं, त्यात बर्फ टाकला. कालची कोंबडी गरम करून वाढली, तेव्हा जोशीबाईंनी जोशीपण सोडून दोन वाट्या रस्सा घेतला. गुरुजींनी बाबूसिंगबद्दल विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"मुलं किती तुम्हाला?"

"एकच. फकिरा."

"लग्न?"

"पाहून राह्यलो."

कोकिळा एका शब्दानं खोटं बोलली नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. सामान कोणाचं हे कोणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. ती फक्त बर्फ देत राहिली. गुरुजींनी खिशातून डायरी काढून फकिराची जन्मतारीख लिहून घेतली, आणि मग चष्मा काढून, आपण जोशी नाही, दिग्रसचे चव्हाण आहोत, हेही सांगून टाकलं.

उर्वशी आतून पाण्याची बाटली आणते म्हणून उठली. फ्रीजचं दार उघडून ती जरा जास्तच वेळ उभी राहिली.

इकडे कोकिळा मागच्या दारानं रुक्माबाईकडे धावली. पोटात मावत नव्हतं, पाहुण्यांचं खरं नाव मात्र तिनं पोटातच ठेवलं. "काय वं रुक्मा, तुह्ये पाहुने मले काय काय इचारून राह्यले! घरी कोनी पेते काय, भांडनं होते काय, पोराले कोनता नाद आहे काय. अन् फकिराची पत्रिका मागतली!"

रुक्माबाईच्या हातातलं बाटीचं पीठ हातातच राहिलं. "पर्यटक असं इचारते?"

"मले काय मालूम तुह्ये पर्यटक!"

"असं पर्यटक नाही इचारत, कोकिळा. असं सोयरे इचारते." आणि मग एकदम, आरसे खळखळवत ती अंगणात आली. "इंद्रजीतचे बाबा! ते जोशी नाही. दिग्रसवाले आहे ते!"

बाबूसिंग शेळीखाली बसला होता. दूध काढायला नव्हे, पाहुण्यांना लाथ खायची सोय आहे की नाही ते तपासायला. तो उठला नाही. कालपासून आपण काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवू लागलं. वीज नाही. पाणी नाही. वावर मालकाचं. पोरगा चौथी. सात ठिकाणचे लोक आले तेव्हा घरात काही ना काही कमी होतं; आठवे आले तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं घरच उचलून शेजारी ठेवलं होतं. इंद्रजीत गोठ्याच्या दाराशी उभा होता. बापाकडे न पाहता चपलेचं शेण उंबऱ्याला पुसत होता. ते बाबूसिंगला शेळीच्या लाथेपेक्षा जास्त लागलं.

"बाबा, जाऊ द्या," इंद्रजीत शेवटी म्हणाला. "मंग कधी पाहू."

'मंग कधी' ऐकलं आणि बाबूसिंग उठला. बंडीला शेण, हाताला शेळीचा वास, तसाच वीस पावलं पळत कोकिळाच्या अंगणात. मागे फेटियाचा घोळ हातात धरून रुक्माबाई, तिच्या मागे पोरगा, आणि सुटलेल्या शेळ्याही मागे.

"गुरुजी! हा फ्रीज माहा आहे!"

गुरुजी सरबताचा पेला खाली ठेवत उठले. "काल तुम्ही म्हणाले टीव्ही कसा असतो ते माहीत नाही."

"तोबी माहाच आहे! अन् सोफा. अन् अकरा एकर वावर माहं, ओलिताचं. अन् पोरगा शेतीचं कॉलेज शिकेल आहे!"

"आणि झरा?"

"बोअर आहे जी. दोनशे फूट."

अंगणात तोवर अर्धा तांडा जमला होता. गुरुजींनी मास्तरकीत हजार पोरं पाहिली होती; उत्तर एकदा चुकल्यावर दुसऱ्यांदा बदलणारा पोरगा त्यांना नकोसाच वाटे. "काल एक, आज एक," ते म्हणाले. "उद्या म्हणाल विमान आहे. कोकिळाबाई, तुम्ही सांगा. हे सामान कोणाचं?"

कोकिळानं आभाळाकडे पाहिलं. "घरात त माह्याच आहे."

तेवढ्यात उर्वशी पुढं आली. तिच्या हातात औषधाची डबी होती, फ्रीजच्या दारातून काढलेली. डबीवर दुकानदारानं चिकटवलेली चिठ्ठी तिनं मोठ्यानं वाचली. "बाबूसिंग राठोड. वय एकोणसाठ. जेवणाआधी."

"शेजाऱ्याच्या फ्रीजात इंजेक्शन कोनीबी ठेवते," कोकिळा म्हणाली.

"ठेवतीन," उर्वशी म्हणाली. "पन त्या घरात मातीखाली फरशी आहे. काल माह्या चपलेखाली वाजली. अन् भिंतीले टीव्हीचे खिळे तसेच आहे. बाबा, मले कालच समजलं. बोंडअळीचं एवढं सांगनारा चौथी शिकेल माणूस मी पाह्यला नाही."

"मग काल का नाही बोललीस?"

"तुमी दोघं कुठंपर्यंत जाता ते पाहून राह्यलती."

गुरुजी तरी गुरुजी. पोरीच्या शब्दावर पेपर तपासला म्हणून सही करणारे ते नव्हते. म्हणाले, परत नेऊन लावा, मला पाहू द्या. मग रविवारी सकाळी दहा वाजता ती दुसरी वरात निघाली. फ्रीज चौघांनी उचलला. कोकिळा आडवी आली, "थांबा जी, माहं दही आहे त्यात!" तिचं दही आणि उरलेला रस्सा काढून घेईपर्यंत फ्रीज उन्हात उभा राहिला. इंद्रजीतनं फावड्यानं माती-शेण ओढून फरशी उघडी केली. गुरुजी पाठीमागे हात बांधून, वाकून पाहत होते. फ्रीजचे चार पाय फरशीवरच्या चार डागांवर बरोबर बसले. टीव्ही खिळ्यांवर बसला. सोफ्यामागचा भिंतीवरचा तेलकट पट्टा सोफ्याच्या उंचीचाच निघाला. तो पट्टा नकार देऊन गेलेल्या पाहुण्यांच्या डोक्यांचा होता. तुराट्या सोडल्या तेव्हा संडासाची निळी टाइल पाहून गुरुजींच्या बायकोनं पहिल्यांदा समाधानानं मान हलवली.

रुक्माबाई आत जाऊन साडी नेसून आली. आल्याबरोबर म्हणाली, "आता नीट चहा करते. दुधाचा. शेळीचा नाही."

चहा झाला. गुरुजींनी उर्वशीला बाजूला घेऊन विचारलं. ती इंद्रजीतकडे पाहून म्हणाली, "मले पसंत आहे. फक्त त्या बकऱ्या परत करा." इंद्रजीतनं तिथल्या तिथं दोर सोडला, आणि पाचही शेळ्या सरळ गंगीच्या घरी गेल्या.

गुरुजी सोफ्यावर बसले होते. पोरगी कबूल, बायको कबूल, पण डायरीत फकिराची जन्मतारीख लिहिलेली होती आणि ते अर्ध्या तांड्याला कळलं होतं. माणसाला कुठं तरी वर राहावं लागतंच. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा मास्तरचा आवाज काढला.

"संबंध आम्हाला मान्य आहे, बाबूसिंग. पण एक सांगा. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं गरीब बनून बसले, सगळं घर लपवलं. लाज नाही वाटली तुम्हाला?"

रुक्माबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. बाबूसिंगनं बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली आणि म्हणाला,

"वाटली ना जी. पन मी फ्रीज लपवला, गुरुजी. तुमी त पोरगी फ्रीजाले देऊन राह्यलते."